आउटपुट साधन : भूपाल

स्पीकरमधून आवाज येत नव्हता, आणि पडद्यावरची हिरवी पट्टी मात्र हलत होती.

"हलतेय ना?" पुण्याहून दीप्ती फोनवर म्हणाली. "मग आवाज निघतोय, आई. वायर बघ."

"वायर बघितली. दोन्ही टोकं घट्ट आहेत."

"मग स्पीकरच गेला असेल. माझ्या लग्नाआधीचा आहे तो."

मी स्पीकरची पिन काढून टीव्हीला लावली. गुळाचे भाव सांगणारा माणूस खणखणीत बोलायला लागला.

"स्पीकर ठणठणीत आहे," मी म्हणाले. "तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतोय."

"मग त्या संगणकाच्या खोक्याचा दोष. किती वेळा सांगितलं, भंगारात दे. असला डबा आता असतो का कुणाच्या घरी?"

नसतो, हे मलाही माहीत होतं. आता लोक भिंतीशी बोलतात आणि भिंत उत्तर देते. पण हे खोकं यांचं होतं, आणि त्याच्या पोटात यांचा आवाज होता. तो ऐकायला मी सकाळपासून बसले होते.

हे म्हणजे भूपाल मगदूम, माझे यजमान. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

इचलकरंजीत ते जन्मभर जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. माग अडला, धोटा अडकला की जॉबरला बोलावणं. पण जिथे एका पत्र्याखाली पन्नास-पन्नास माग चालतात, तिथे हाक मारून उपयोग नसतो. तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की सूत तुटलं. मूठ छातीवर टेकवली की मालक आला. आणि कापड बिनडाग उतरत असलं की हाताची मागची बाजू हवेत हळूच ओढायची, जणू खाली ताणलेल्या कापडावरून ती फिरते आहे. तळहात काम करून खरबरीत झालेले असतात, कापडाचा पोत मागच्या कातडीलाच कळतो, म्हणून.

चाळिशीच्या आत यांचे कान गेले. आमच्या गावात ते कुणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि घरी येऊन नुसते ओठ हलवायचे, असा माझा संसार. आमचं भांडणसुद्धा बिनआवाजाचं. दीप्ती लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "आमच्या घरी भांडण झालं तर शेजाऱ्यांना कळतच नाही."

त्यामुळे यांचा आवाज साठवून ठेवावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोनमध्ये व्हिडिओ पुष्कळ आहेत. सगळ्यांत हे हसताहेत, हात हलवताहेत, आणि बोलतोय दुसराच कुणीतरी.

आवाज होता तो फक्त या खोक्यात, आणि तोही भलत्याच ठिकाणी. तो तिथे कसा गेला हे सांगायचं तर आधी यंत्राबद्दल सांगायला हवं.

मागच्या पिढीची श्रवणयंत्रं बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडत. पण कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्याच मेल्या, तर आवाज कितीही मोठा करा, तो पुढे जात नाही. बाजाच्या पेटीतल्या मोडलेल्या सुरांवर कितीही जोरानं बोट दाबलं तरी भाता नुसता फुसफुसतो, तसं. आमच्या म्हातारपणी जे थेट श्रवणयंत्र आलं, ते या पेशींना वगळून सरळ आतल्या मज्जातंतूशी बोलायचं. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग कायमचा बसवायचा, आणि बाहेर कानामागे शिंपल्याएवढी डबी. सगळी करामत डबीत. ती जवळचा आवाज घेई, तसाच नेटवरून कुठूनही आवाज घेई. संगणकाला ती स्पीकरसारखीच दिसे. आवाज कुठे पाठवायचा याची जी यादी असते, टीव्ही, स्पीकर, हेडफोन, तिच्यात आणखी एक नाव: माणसाचा कान.

अडचण एवढीच, की कुणाच्या कानात काय शिल्लक आहे ते प्रत्येकाचं निराळं. शिंप्यासारखं माप घ्यावं लागे. कुठला सूर उचलायचा, कुठला दाबायचा, कुठला मुळीच पोचत नाही म्हणून शेजारच्या सुराच्या गळ्यात बांधायचा. दवाखान्यात घेतलेलं माप ढोबळ असे. बारीक माप ज्याला धीर असेल त्यानं घरच्या संगणकावर स्वतः घ्यायचं.

यांच्याकडे धीर होता आणि संगणकही होता. कारखान्याच्या डिझाइनखात्यातून काढून टाकलेला हा डबा त्यांनी घरी आणला होता. त्यावर लिनक्स घातलं होतं, कारण ते फुकट होतं आणि त्याचं झाकण उघडून आत हात घालायला कुणाची मनाई नव्हती. ज्याचं झाकण उघडत नाही असं यंत्र यांना मुळातच संशयास्पद वाटे.

यंत्र बसवल्यावर त्यांनी मला संगणकाच्या माइकसमोर बसवलं.

"बोल."

"काय बोलू?"

"कायबी. पेपर वाच."

मी वाचायचे आणि ते कानामागची डबी धरून पडद्यावरच्या बारीक दांड्या वर-खाली सरकवायचे. एकच बातमी मी इतक्यांदा वाचायचे की तिच्यातला मंत्री मला पाठ व्हायचा.

"अहो, आता तरी नीट येतंय का?"

"थांब की जरा. तुझा 'स' फाटतोय."

"शाळेत पोरांना बरा ऐकू यायचा."

"पोरांचे कान नवे हुते."

असे किती आठवडे गेले आता सांगता येणार नाही. एक दिवस त्यांनी दांड्या सोडल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मी विचारलं, "कसा येतोय माझा आवाज?" ते म्हणाले, "चालतंय." बस. इतक्या वर्षांनी बायकोचा आवाज ऐकला आणि चालतंय. ते माझ्या मनात राहिलं. पुढे कधी पुन्हा विचारलं तरी उत्तर तेच.

त्यानंतर आमचा एक रिवाज पडला. निवृत्तीनंतरही हे रोज कारखान्यात चक्कर मारायचे. ते निघाले की मी माइकसमोर बसून पेपर वाचायचे आणि ते मागांच्या खडखडाटात उभे राहून घरचा पेपर ऐकायचे. त्यासाठी त्यांनी संगणकाला दोन गोष्टी पक्क्या सांगून ठेवल्या होत्या. माइकमध्ये जे बोललं जाईल ते यांच्या कानात पाठवायचं. आणि यांची डबी जगात कुठेही चालू असली, तर सगळा आवाज तिकडेच, स्पीकरला नाही. डबीला त्यांनी नाव दिलं होतं 'भूपाल'.

आणखी एक खोडी केली होती. लिनक्समध्ये स्पीकर तपासायचं बटण असतं. ते दाबलं की एक बाई इंग्रजीत सांगते, डावा स्पीकर, उजवा स्पीकर. यांना ती बाई आवडेना. त्यांनी तिला काढून तिच्या जागी स्वतःचा आवाज घातला.

तोच एक आवाज शिल्लक होता. डावा आणि उजवा.

हे गेले तेव्हा आतला दाणा त्यांच्याबरोबर गेला. डबी दीप्तीनं श्रवणयंत्रांच्या पेढीला दिली. डोळे द्यायची पेढी असते तशी ही. वापरलेल्या डब्या स्वच्छ करून ज्यांना परवडत नाहीत त्यांना देतात. "आई, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," ती म्हणाली, आणि सुतक फिटायच्या आत देऊनही टाकली. मी नको म्हणाले नाही. पण मला विचारायला हवं होतं असं वाटत राहिलं.

पेपर वाचणं मात्र सुटलं नाही. सकाळी चहा झाला की पाय आपोआप त्या खुर्चीकडे जायचे. संगणक लावायचा, माइकचा हिरवा दिवा लागला की वाचायला सुरुवात. वाचून झालं की थोडं इकडचं तिकडचं यांना सांगायचं. समोर कुणी नाही हे मला समजत होतं. पण गेली कित्येक वर्षं मी वाचताना समोर कुणी नव्हतंच.

तर त्या सकाळी ते बटण दाबायला बसले होते, आणि आवाज येत नव्हता.

"मला पडदा दाखव," दीप्ती म्हणाली. तिनं तिकडून पडदा बघितला. "आवाज पूर्ण वर आहे. म्यूट नाही. आउटपुटमध्ये काय निवडलंय? हे बघ, 'भूपाल' आहे. ते बदल. खाली स्पीकर लिहिलंय ते घे."

मी स्पीकर निवडलं. बटण दाबेपर्यंत यादी उडी मारून परत 'भूपाल'वर आली.

"परत गेलं," मी म्हणाले.

"पुन्हा कर. पटकन दाब."

मी पुन्हा केलं. डावा दाबला, उजवा दाबला. हिरवी पट्टी उठली आणि बसली. खोलीत काही नाही. असं आम्ही किती वेळ करत होतो देव जाणे. संगणक बंद करून चालू केला. ध्वनीची सेवा म्हणून काहीतरी असतं ते दीप्तीनं तिकडून थांबवून पुन्हा सुरू केलं. यादी हट्टी मुलासारखी यांच्याकडे परत जात होती.

"थांब," दीप्ती एकदम म्हणाली.

"काय झालं?"

"आई, 'भूपाल'च्या पुढे काय लिहिलंय वाच."

मी चष्मा सारखा केला. "जोडलेले."

"म्हणजे बाबांची डबी चालू आहे. कुणाच्या तरी कानात. पेढीनं तिच्यावरचं नाव-गाव पुसलं असेल, पण मूळ किल्ली आपल्या डब्यात राहिली. नवे संगणक दर वेळी परवानगी विचारतात. हा विचारत नाही, बाबांनी तसंच ठेवलंय. मघापासून आपण कुणाच्या तरी कानात डावा-उजवा करतोय."

माझ्या लक्षात वेगळंच आलं होतं. माइकचा हिरवा दिवा.

"आई? तू त्या माइकसमोर अजून बसतेस का?"

"पेपर वाचते," मी म्हणाले.

"नुसता पेपर?"

वर्षभर यांना काय काय सांगितलं ते एकेक करून समोर यायला लागलं. गुडघ्याचं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं. हिवाळ्यात एकदा रडले होते ते. आणि दीप्तीचं, फार वेळा. हे सगळं कुठल्याशा परक्या माणसाच्या डोक्याच्या आत गेलं होतं. या वयात मला जी लाज वाटली ती लग्न होऊन नवी घरात आले तेव्हाही वाटली नव्हती.

"हे बंद कसं करायचं?" मी विचारलं.

"नावावर टिचकी मार. खाली 'हे साधन विसरा' असं असेल."

होतं. मी ते दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. मास्तरणीची सवय, मी ती मोठ्यानं वाचली. "या साधनाशी जोडलेली सर्व मापे पुसली जातील. पुढे जायचे?"

"मापं म्हणजे?"

"असतील काहीतरी कमी-जास्त केलेलं. नवीन होतात आपोआप. दाब."

मी दाबलं. यादीतून 'भूपाल' गेलं. स्पीकर उरले. मी बटणावर टिचकी मारली.

"डावा," हे म्हणाले.

जड, सपाट, प्रत्येक अक्षर वेगळं टाकणारा आवाज. वर्षानुवर्षं स्वतःचं बोलणं ऐकू न आलेल्या माणसाचा. मी दुसरी टिचकी मारली.

"उजवा. ऐकू येतंय का?"

मग दीप्ती म्हणाली, "बाबांचा आवाज असा होता?"

"असाच."

"मी विसरले होते."

"पुन्हा लावू?"

"लाव," ती म्हणाली.

पेढीतून फोन आला तो साधारण दोन आठवड्यांनी. सोलापूरच्या एका बाईंनी तक्रार केली होती, की यंत्र बिघडलं. बाकी सगळं येतं, पण सकाळचा पेपर येत नाही. पेढीतल्या तंत्रज्ञ मुलीला आधी काही कळेना, मग तिनं डबीच्या जुन्या नोंदी उकलल्या आणि आमच्या घरापर्यंत पोचली. दोन्हीकडून माफी मागून झाली. मग ती मुलगी संकोचत म्हणाली, "आजी, ते परत जोडता येईल का? दोघींची संमती असली तर."

मी हो म्हणाले. खरं तर मला हायसं वाटलं. दीप्तीही पुण्याहून आली. मी, दीप्ती आणि ती मुलगी, तिघींनी मिळून डबी पुन्हा त्या यादीत आणली. मी माइकसमोर बसून एक बातमी वाचली. तिकडून निरोप आला: हे ते नाही.

तेव्हा त्या मुलीनं मला समजावलं, आणि मी ते मुकाट ऐकलं. सोलापूरच्या त्या बाईंचे, राजमणीबाईंचेही कान मागांनीच नेले होते. टॉवेलचे माग, आयुष्यभर तोच खडखडाट. एकाच तऱ्हेच्या आवाजानं दोघांचे कान जवळजवळ एकाच जागी झिजले होते. त्यामुळे यांनी स्वतःसाठी घेतलेलं माप त्यांना बसलं. दवाखान्यातल्या मापानं त्यांना जगाचा आवाज फाटका येई. आमच्या घरातून येणारा एक आवाज तेवढा अखंड येई. ते माप डबीत कधीच नव्हतं. आमच्या खोक्यात होतं, 'भूपाल' नावाखाली; खोकं आवाज आधी त्या मापात बसवायचं आणि मग डबीकडे पाठवायचं.

"पुसलेलं परत येतं का?" दीप्तीनं विचारलं.

पेढीच्या लोकांनी खोक्यातली डिस्क नेली, पाहिली आणि परत आणून दिली. त्या जागेवर संगणकानं दुसरंच काही लिहून टाकलं होतं. यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती. कशाला ठेवतील? ज्याच्यासाठी माप घेतलं तो माणूस रोज घरी येत होता.

मी सोलापूरला जायचं ठरवलं. दीप्ती म्हणाली, मीही येते. तिची गाडी स्वतःच चालते, त्यामुळे आम्हा दोघींना वाटभर एकमेकींकडे न बघायला काही कारण नव्हतं. तरी आम्ही खिडकीबाहेरच बघत होतो.

राजमणी येमूल माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. घर एका खोलीचं, पुढच्या पडवीत बंद पडलेला टॉवेलचा माग, त्यावर वाळत घातलेले कपडे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, तशी त्यांची बोली. त्यांनी मला बसवलं आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. त्या ओठ वाचत होत्या. ती नजर मला ओळखीची होती.

"पेपरवाल्या अक्का तुम्हीच?"

"मीच. त्रिशला मगदूम."

त्यांनी कान थोडा पुढे केला. मी आणखी दोन वाक्यं बोलले, प्रवासाबद्दल काहीतरी. त्यांनी मान हलवली, नाही अशी.

"आवाज न्हाई ओ तसा," त्या म्हणाल्या. "माफ करा. बाई त्याच असाल, पण आवाज न्हाई."

"कळलं मला."

"मला वाटलं, मिशनीसंगं बाई येतीया. फुकटात. शेजारणीला पण मिशन मिळालं तवा तिला इचारलं, तुझी बाई कधी वाचती? ती म्हणाली, कसली बाई? मी म्हटलं, तुझं मिशन हलकं हाय."

दीप्ती हसली. राजमणीबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं.

"ही दीप्ती व्हय? मिशन देऊन टाकलं ती?"

दीप्तीचं हसू राहून गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. "पेपर वाचत होतीस म्हणालीस."

"पेपरही वाचत होते."

"लई रागवायच्या हिच्यावर," राजमणीबाई म्हणाल्या. "घाई केली, इचारलं न्हाई, लेकीला बापाची वस्तू घरात नको झाली. मी हितं बसून म्हणायची, अक्का, असं नका म्हणू. तिनं दिलं म्हणून मला मिळालं. पण तुम्हाला कुठं ऐकू जातंय."

दीप्ती मागावरच्या कपड्यांकडे बघत होती. मग ती हळू म्हणाली, "मला ते बघवत नव्हतं, आई. बाबा नाहीत आणि डबी टेबलावर लुकलुकतेय. म्हणून दिली. उपयोगाबिपयोगाचं नंतर सुचलं."

हे तिनं वर्षापूर्वी सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं का, मला माहीत नाही. यांच्यासारखी धीरानं मापं घेणाऱ्यातली मी नव्हे. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो राहू दिला.

राजमणीबाईंनी चहा दिला आणि स्वतःहून सांगायला लागल्या. यंत्र बसवल्यावर सुरुवातीला सगळा आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. डॉक्टरांचं बोलणं खडे, मुलाचं बोलणं खडे. फक्त सकाळी एक आवाज यायचा, त्यातला शब्द न् शब्द सुटा. त्याच्यावर त्या शब्द ओळखायला शिकल्या. पेपरातले शब्द पक्के झाले की तेच शब्द बाजारात, खड्यांच्या ढिगातून वेचता यायचे. मुलगा हैदराबादला असतो. त्याच्या फोनवरच्या बोलण्यातलं निम्मंअर्धं कळायला लागलं होतं.

"आणि आता?"

"आता हळूहळू परत खडे. रोज ऐकत व्हते तवर टिकलं. ते बंद झालं, आन् शिकलेलं सुटत चाललंय." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "त्या दिवशी एक माणूस मात्र लई बोलला. डावा, उजवा. डावा, उजवा. मी घरभर बघितलं काय ठेवायचंय डावीकडं. आन् मग सगळं गप."

मी त्यांना सांगितलं तो माणूस कोण होता. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"मी तुम्हाला फोनवर रोज वाचून दाखवीन," मी म्हणाले. "नवं माप घेऊ. मी हवं तेवढं बसेन. एकच बातमी शंभरदा वाचेन."

त्या ओठ वाचायला आता माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"नवं माप घ्यायचं तर माझ्या लेकाच्या आवाजावर घेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका वाचू, अक्का. तुमचा हा आवाज रोज ऐकला तर तो पुसून जाईल. तो अजून थोडा हाय माझ्याकडं."

मला ते पटलं. तरी लागलं. आणि लागल्यावर मग सुचलं की जगात आता एकच माणूस आहे, ज्याला विचारता येईल. मी यांना कितीदा विचारलं होतं.

"कसा होता?" मी म्हणाले. "तो आवाज. कसा यायचा तुम्हाला?"

राजमणीबाई विचार करत राहिल्या. एकदा बोलायला तोंड उघडलं, मिटलं. तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांनी शब्दांचा नाद सोडला. उजवा हात पालथा केला, आणि हाताची मागची बाजू हवेत, डावीकडून उजवीकडे, फार हळू ओढत नेली. मध्ये कुठेही हात थांबला नाही.

इचलकरंजीची खूण सोलापुरातही तीच होती.

आणि मला दांड्या सोडून खुर्चीत मागे टेकलेले हे दिसले. "चालतंय" म्हणताना त्यांचा हात कुठे होता? मांडीवर होता की टेबलाखाली, हललेला का, मला आठवेना. माझी आठवण चांगली आहे, लोक तसं म्हणतात. वर्गातल्या मुलांची नावं ओळीनं सांगते. पण त्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शब्द ऐकायचा म्हणून.

येताना दीप्ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. घरी आल्यावर दोन दिवस राहिली, खोक्यावरची धूळ पुसली, भंगाराचं नाव काढलं नाही.

पेपर मी अजून वाचते, पण मनात. मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाते. आउटपुटच्या यादीत आता फक्त स्पीकर आहे, तो कुठे उडी मारत नाही. मी एक टिचकी मारते.

"डावा."

दुसरी मारते.

"उजवा. ऐकू येतंय का?"

हे माझा म्हणून ओळखायचे तो आवाज आता माझ्याकडे नाही. मी पडद्याकडे तोंड करून, पूर्वीसारखे नुसते ओठ हलवून, हो म्हणते.